बार्तोलोला काय म्हणायचं आहे?

ज्या शहरात फेब्रुवारी महिन्यात कोणाच्याही मनाला काहीही होत नाही, ते शहर सुसंस्कृत समजावे. आमच्या ब्वेनोस आयरेसमध्ये होत नाही. व्हायची सोयच नाही, कारण फेब्रुवारीत शहरातले यच्चयावत मनोविश्लेषक समुद्रावर गेलेले असतात. जानेवारी संपता संपता ते आपापल्या रुग्णांना "मार्चमध्ये भेटू" असं सांगतात, छत्र्या आणि घडीच्या खुर्च्या गाडीच्या टपावर बांधतात आणि निघून जातात. मागे राहिलेली जनता उरलेला उन्हाळा पंख्यासमोर बसून शहाण्यासारखी काढते. घटस्फोट लांबणीवर पडतात. आयांशी फोनवर फक्त हवापाण्याबद्दल बोललं जातं. स्वप्नं पडतात, पण ती मार्चपर्यंत जपून ठेवावी लागतात. (काहींची तोवर नासतात. त्याला इलाज नाही.)

ही व्यवस्था उत्तम आहे आणि पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. तिच्यात एकच उणीव आहे, ती म्हणजे ती मांजरांना कोणी कळवलेली नाही.

आल्माग्रो भागातल्या आमच्या सात मजली इमारतीत, पाचव्या मजल्यावर, ओफेलिया बेर्तोलोत्ती राहतात. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन कोर्दोबाला. घरात बाई आणि बार्तोलो. बार्तोलो हा नारिंगी बोका. वय मध्यम, ऑपरेशन झालेलं, पोट सुटलेलं, दिवसभराची हालचाल खुर्चीपासून बशीपर्यंत. खाणं कोरडं, दाण्यांचं. पाणी अगदीच नाइलाज झाला तर, तेही बाईंच्या पेल्यातलं. म्हणजे प्रकृतीने आणि सवयींनी तो इमारतीतल्या इतर निवृत्त पुरुषांपेक्षा फारसा वेगळा नव्हता, आणि म्हणूनच तो आपल्याला कळतो असं सगळ्यांना वाटत असे.

बाईंचे मनोविश्लेषक डॉ. साल्गादो रविवारी उरुग्वेच्या किनाऱ्याकडे रवाना झाले. सोमवारी सकाळी बार्तोलो वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला. बसला, कुंथला, उठला, वाळूकडे बघितलं. वाळू कोरडी ठणठणीत. बाहेर आला, पुन्हा आत गेला, पुन्हा कुंथला. मग न्हाणीघरात जाऊन बिदेमध्ये उडी मारून बसला. (कमोडशेजारचं ते बसून धुवायचं भांडं. आमच्याकडे ते नसलेलं घर भाड्यानेसुद्धा जात नाही.) तिथे त्याने खर्जातली, लांबलचक, ऐकवणार नाही अशी हाक मारली. बिदेच्या पांढऱ्याशुभ्र तळाशी दोन थेंब पडले. गुलाबी होते.

बाईंनी वाकून पुन्हा बघितलं. गुलाबीच.

इमारतीला लागूनच, बेकरीच्या शेजारी, जनावरांच्या डॉक्टर ग्रिसेल्दा पोम्पेई यांचा दवाखाना आहे. तो फेब्रुवारीत उघडा असतो. (जनावरांच्या डॉक्टरांत अजून तेवढी सांस्कृतिक प्रगती झालेली नाही.) सामान्य बुद्धीचा माणूस बोक्याला काखोटीला मारून तडक तिकडे गेला असता. पण ओफेलियाबाई सामान्य नव्हत्या. त्यांच्या मनाचं गेली तीस-एक वर्षं दर मंगळवारी विश्लेषण झालं होतं. डॉ. साल्गादोंशी बोलल्याशिवाय त्यांनी कधी फ्रीज बदलला नव्हता. एकदा पडदे बदलायचं मनात आलं, तर त्यावर अख्खा हिवाळा चर्चा झाली, शेवटी पडदे म्हणजे आई असं निघालं, आणि ते तसेच राहिले. आता डॉक्टर नाहीत म्हटल्यावर बाई जिना उतरून तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

तिसऱ्या मजल्यावर नेस्तोर गुरेविच राहतात. निवृत्त दंतवैद्य आणि आमच्या इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी विश्लेषकाच्या कोचावर इतका काळ काढला आहे की त्यांचे दोन विश्लेषक दरम्यान म्हातारे होऊन वारले. अनुभवाच्या या शिदोरीवर ते दर फेब्रुवारीत बदली कामगार म्हणून इमारतीची सेवा करतात, विनामूल्य आणि न विचारता.

"शू होत नाहीये रे त्याला, नेस्तोर," बाई दारातूनच म्हणाल्या. "आणि रक्त दिसतंय. मी पटकन खाली ग्रिसेल्दाला दाखवून येते."

"थांब, थांब. काय दाखवून येतेस?"

"बोका."

"बोका तिने बघितलाय गं. आधी बस. तुझा डॉक्टर कधी गेला?"

"काल."

"आणि बोका कधी अडला?"

"आज."

नेस्तोर खुर्चीत मागे टेकले. चेहऱ्यावर दाढदुखीचं मूळ सापडल्याचं समाधान. "म्हणजे तो धरून ठेवतोय. आता प्रश्न असा, कोणासाठी धरून ठेवतोय?"

बाई गप्प झाल्या. असा प्रश्न विचारला की गप्प व्हायचं, ही आमची रीत आहे.

"तू त्याला खाली नेशील," नेस्तोर म्हणाले, "ती नळी घालील, सगळं मोकळं होईल. आणि मग? त्याला जे म्हणायचं होतं ते राहिलंच ना! तोंड दाबल्यासारखंच झालं की ते. बोलू दे त्याला, ओफेलिया."

बाई वर गेल्या. बार्तोलो बोलतच होता. इमारतीच्या मधल्या हवेच्या चौकातून त्याचं बोलणं सातही मजल्यांना ऐकू येत होतं, आणि हवेचा चौक ही सामायिक जागा असल्यामुळे हा विषय सोसायटीच्या अखत्यारीत येतो, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. त्याच संध्याकाळी तळमजल्यावर तातडीची सभा भरली. विषय पहिला: बार्तोलोला काय म्हणायचं आहे. विषय दुसरा: लिफ्टची दुरुस्ती. (दुसरा विषय वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला. तो बरीच वर्षं वेळेअभावी पुढे ढकलला जात आहे.)

सभा अत्यंत खेळीमेळीत पार पडली. येर्बाच्या कडू चहाचं भांडं हातोहात फिरत होतं, एकच भांडं, एकच नळी. कोणीतरी बेकरीतून मेदियालुना आणल्या होत्या (चंद्रकोरीच्या आकाराचे गोड पाव). इमारतीचे रखवालदार एलेउतेरिओ यांनी सर्वप्रथम मत मांडलं. "मला विचाराल तर बाई, ही साधी बद्धकोष्ठाची केस आहे. माझ्या मामाचं असंच व्हायचं. बसायचा, कुंथायचा, शिव्या द्यायचा. चमचाभर ऑलिव्हचं तेल द्या, सकाळी बघा गंमत."

हे मत फारच शारीरिक असल्याचा शेरा सभेने मारला, पण एलेउतेरिओ दुखावू नयेत म्हणून चमचाभर तेल मंजूर केलं. बाईंनी ते वर जाऊन पाजलं. बार्तोलोने ते त्यांच्या ब्लाउजवर थुंकलं. तो व्यक्त होऊ लागल्याचं हे पहिलं लक्षण मानण्यात आलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या पेर्लाबाईंनी स्वतःचा अनुभव सांगितला. त्यांची मुलगी माद्रिदला गेली तेव्हा त्यांची मांजरी मुलीच्या गादीवर मुतायला लागली होती. "मी घाबरून ग्रिसेल्दाकडे नेलं. ती म्हणाली, मूत्राशयाला संसर्ग झालाय. औषध दिलं, थांबलं."

"म्हणजे औषधाने थांबलं?" ओफेलियाबाईंनी आशेने विचारलं.

"छे गं! त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला होता."

सभेने माना डोलावल्या. (बोक्याची मूत्रनळी मांजरीपेक्षा फार अरुंद असते, आणि तिच्यात बूच बसलं की काम तमाम, हे सांगायला सभेत कोणी नव्हतं. जी सांगू शकली असती, ती भिंतीपलीकडे एका पूडलची नखं कापत होती.)

शेवटी सभेने सर्वानुमते मार्गदर्शक तत्त्वं संमत केली आणि ती "लिफ्ट बंद आहे" या पाटीखाली चिकटवली. जिज्ञासूंच्या सोयीसाठी ती इथे जशीच्या तशी देत आहे.

बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन रिकामा परत येत असल्यास: तो प्रश्न विचारत आहे, उत्तर देण्याची घाई करू नये. रडत असल्यास: अभिनंदन करावे. मागचे पाय फाकवून सारखा तिथेच चाटत असल्यास: आत्मपरीक्षण चालू आहे, खोलीचे दार लोटून घ्यावे. बिदेमध्ये, सिंकमध्ये किंवा थंड फरशीवर बसत असल्यास: घर या संकल्पनेशी त्याचे भांडण आहे. रक्त दिसल्यास: घराण्याचा इतिहास तपासावा. खाणे सोडल्यास: निषेध. उलटी झाल्यास: जुने बाहेर येत आहे. आणि हे सगळे थांबून तो शांत पडून राहिल्यास: बरा झाला.

उपस्थितांपैकी बहुतेकांना बार्तोलोच्या रडण्यात स्वतःची आई ऐकू आली. एकाला वडील ऐकू आले आणि तो मेदियालुना अर्धी टाकून घरी गेला. एकंदरीत फेब्रुवारीच्या मानाने इतकी समाधानकारक सभा कोणालाच आठवत नव्हती. लोक जिना चढताना एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवत होते.

ओफेलियाबाईंना मात्र झोप लागली नाही. बोका मरेल, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात फिरत होता, आणि हा विचार नक्की कोणाबद्दलचा आहे हे विचारायला कोणी नव्हतं, त्यामुळे तो आपला बोक्याबद्दलचाच राहिला.

मंगळवारी दुपारी बार्तोलोने ट्रेमध्ये जाणं थांबवलं. सकाळी दोनदा उलटी केली होती, त्यातही नुसता फेस. आता तो धुलाई यंत्राच्या मागे, गार फरशीवर, कुशीवर पडला होता. बशी तशीच. हाक मारली तर कान हलवला नाही. नेस्तोर खास दोन मजले चढून बघायला आले आणि म्हणाले, "स्वीकारलं त्याने, ओफेलिया. काय प्रगती आहे! मला इथपर्यंत यायला आठ वर्षं लागली." मग ही आनंदाची बातमी सगळ्यांना सांगायला ते खाली गेले.

बाई फरशीवर बसल्या. गुडघे दुखले, तरी बसल्या. त्यांनी बोक्याच्या पोटाखाली हात घातला. एरवी तिथे पिठाच्या गोळ्यासारखं मऊ लागायचं. आज आत काहीतरी कडक, घट्ट, मोठ्या लिंबाएवढं लागलं. हात लागताच बार्तोलो गुरगुरला नाही, फक्त तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. बाईंना रडू फुटलं. हा त्यांचा बोका होता. नवरा गेला त्या वर्षी याच बोक्याला खायला घालायचं म्हणून त्या रोज सकाळी उठल्या होत्या.

डॉ. साल्गादोंनी एक नंबर देऊन ठेवला होता, अगदी जिवावर बेतलं तरच वापरायचा. इतक्या वर्षांत बाईंनी तो कधी फिरवला नव्हता. आज फिरवला.

"डॉक्टर, मी ओफेलिया. बार्तोलोला शू होत नाहीये. कालपासून. मरतोय तो, डॉक्टर."

पलीकडे लाटांचा आवाज. कोणीतरी उकडलेली कणसं विकत होतं. मग डॉक्टरांचा तो शांत, ओळखीचा सूर आला.

"हं."

"डॉक्टर?"

"होत नाहीये, असं म्हणालात."

"हो, म्हणाले. कारण होत नाहीये!"

"आणि हे… कोणाला होत नाहीये?"

"बोक्याला!" बाई ओरडल्या. "बोक्याला हो डॉक्टर! नारिंगी आहे, चार पाय आहेत, आणि मुतता येत नाहीये त्याला!"

आणि त्यांनी फोन ठेवला. वेळ संपली, हे आजवर नेहमी डॉक्टरच सांगत आले होते. आपण हे काय करून बसलो म्हणून बाईंना क्षणभर घाम फुटला, आणि लगेच असा काही संताप आला की गुडघ्यांचं दुखणं विसरून त्या उठल्या. बार्तोलोला आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलं आणि पाच मजले उतरायला सुरुवात केली. (लिफ्टबद्दल वर आलंच आहे.)

तिसऱ्या मजल्यावर नेस्तोर कठड्याला हात लावून उभे.

"ओफेलिया! कुठे? हे पलायन आहे, कळतंय का तुला?"

"असू दे! हो बाजूला!"

"आत्ता कुठे त्याला शांतता मिळालीय, आणि तू स्वतःच्या भीतीपायी…"

"नेस्तोर, जिन्यातून हलला नाहीस ना, तर तुझे स्वतः बसवलेले दात मी मोजायला लावीन तुला."

नेस्तोर हलले. दंतवैद्याला नेमकी भाषा कळते.

डॉ. ग्रिसेल्दा पोम्पेई यांनी टॉवेल उघडला, पोटावर दोन बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा बदलला. "कधीपासून?"

"काल सकाळपासून."

"काल?" डॉक्टरीणबाईंचा आवाज बेकरीपर्यंत गेला. "आणि मी इथे शोभेला बसलेय? काल दारावरून तुम्ही मला हात केलात, ओफेलियाबाई! हातात मेदियालुना होत्या तुमच्या!"

"आम्हाला वाटलं, त्याला काहीतरी म्हणायचंय. माझे डॉक्टर गावाला गेलेत ना, त्यामुळे…"

"माझी पण डॉक्टर ब्राझीलला गेलीय! म्हणून मी मार्चपर्यंत शू धरून बसलेय का?" बोलता बोलता त्यांनी बार्तोलोला उचललं, सुई भरली, आतल्या मदतनीस बाईला सलाईन लावायला सांगितलं. "ऐका नीट. बोका ट्रेमध्ये बसतोय, कुंथतोय आणि थेंब येत नाहीये, म्हणजे नळीत खडे आणि चिकटा अडकून बूच बसलंय. शू आत तुंबते, विष रक्तात जातं, हृदय बंद पडतं. एक-दोन दिवसांत खलास. बोक्याला उचलायचं आणि यायचं. जेवून नाही, मालिका संपल्यावर नाही, उद्या बघू नाही. कळलं?"

"वाचेल ना?"

"आत्ता काही सांगत नाही."

"मी मूर्ख आहे, ग्रिसेल्दा."

"आहात. बसा बाहेर."

बाई बाहेर बसल्या. हळूहळू इमारतीतली मंडळीही आली. एलेउतेरिओ आले, पेर्लाबाई आल्या, सगळ्यात शेवटी नेस्तोर आले आणि लांब, पोपटाच्या पिंजऱ्याखाली बसले. कोणी कसला अर्थ लावला नाही. एलेउतेरिओंनी चहाचं भांडं पुढे केलं, बाईंनी मान हलवली. आतून फक्त भांड्यांचा आवाज येत होता, आणि एकदा डॉक्टरीणबाईंनी घातलेली एक शिवी ऐकू आली. बाईंनी देवाला, नवऱ्याला आणि त्या शिवीला हात जोडले.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. "या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बार्तोलो गुंगीत टेबलावर पसरला होता, जीभ थोडी बाहेर. त्याच्या शेपटीखालून एक बारीक नळी निघून पिशवीत गेली होती, आणि त्या पिशवीत शू जमत होती. लालसर, गढूळ, थेंबामागून थेंब, मग धार. बाईंनी जन्मात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी शाळेच्या सहलीबरोबर इग्वासूचा धबधबा बारा वेळा पाहिला होता. त्या टेबलाचा काठ धरून ढसाढसा रडल्या. मागे दारात गर्दी झाली होती. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. पोपटही ओरडला.

तीन-चार दिवस बार्तोलो तिथेच राहिला. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी पुन्हा जमलेल्या मंडळींसमोर सूचना दिल्या. कोरडे दाणे कमी, डब्यातलं ओलं खाणं जास्त. घरात ठिकठिकाणी पाण्याची भांडी. दोन ट्रे, रोज साफ. वजन उतरवायचं. "पुन्हा होऊ शकतं हे, तेव्हा लक्ष ठेवा. आणि घरात आरडाओरडा, पाहुणे, सभा असलं काही नको. ताणानेही हे बळावतं."

नेस्तोर पोपटाखालून सावकाश उठले.

"कशाने म्हणालात?"

"ताणानेही. म्हणजे इतर कारणांबरोबर ताण हेसुद्धा एक…"

पुढचं कोणी ऐकलं नाही. नेस्तोरांनी पेर्लाबाईंना मिठी मारली. एलेउतेरिओंनी आपणही पोटाचंच काहीतरी म्हणालो होतो याची आठवण करून दिली. त्याच संध्याकाळी सभा भरली आणि वैद्यकशास्त्राने उशिरा का होईना सोसायटीचं निदान मान्य केल्याबद्दल डॉ. पोम्पेई यांच्या अभिनंदनाचा ठराव झाला. मार्गदर्शक तत्त्वं भिंतीवर कायम ठेवण्यात आली. त्यांच्या तळाशी फक्त एक ओळ वाढवली: "अर्थ लावून झाल्यावर वाटल्यास डॉक्टरकडे न्यावे."

मार्च उजाडला. डॉ. साल्गादो परत आले, तांबूस, सडपातळ झालेले. ओफेलियाबाई कोचावर आडव्या झाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं: बिदे, तेल, पोटातला लिंबाएवढा गोळा, जिना, पिशवीतली धार. मागच्या खुर्चीत पेन खरखरलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "आणि हा बोका म्हणजे नक्की कोण असावा?"

"बोका," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटून छान झोप काढली.

डॉक्टरांचा प्रश्न मात्र वाया जाऊ नये. चाणाक्ष वाचकाने तो मघाशीच विचारायला घेतला असणार: बोका म्हणजे सामान्य माणूस की काय, अडलेली नळी म्हणजे सरकारी कचेरी की काय, आणि ती सोसायटी कोणाची. विचार चांगला आहे, आमच्या सभेत तुमचं स्वागतच झालं असतं. पण तुमच्या घरी बोका असेल, तर तुम्ही हे वाचत होतात तेवढ्यात तो किती वेळा ट्रेमध्ये जाऊन कोरडा परत आला, हे तुम्हाला सांगता येणार नाही. तुम्ही अर्थ लावत होतात.